मुक्त शिक्षण आणि डोळस साक्षरता : प्रा. राम ताकवले यांच्या कार्याच्या निमित्ताने

(मंडळाच्या रविवारच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाची सूचना फलकावर लागली तेव्हा अनेकांनी आम्हाला विचारले, की विहाराच्या अभ्यासवर्गात एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकावर व्याख्यान कशासाठी? प्रश्न रास्त आहे. प्रा. राम ताकवले हे आपल्या चळवळीतील कार्यकर्ते नव्हते. ते पुण्याच्या विद्यापीठीय जगात वाढले. परंतु ज्यांच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद होते, त्यांच्यापर्यंत विद्यापीठच चालत नेण्याचे काम या माणसाने महाराष्ट्रात केले. या काळचौकी-लालबागच्या, परळ-नायगावच्या चाळींतून ज्यांनी नोकरी सांभाळून, चूल सांभाळून पदवी मिळविली, त्यांच्या हातातील प्रमाणपत्रामागे कोणाचा विचार उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आणि आज ते दार उघडल्यावर आत काय काय शिरते आहे, तेही पाहिले पाहिजे. या दोन गोष्टी आम्ही आज मांडणार आहोत.

प्रथम थोडे मागे जाऊ. शाळेच्या चार भिंतींबाहेरचे शिक्षण ही आपल्याला नवी गोष्ट नाही. गिरगावजवळ चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी संध्याकाळी वाचत बसे. त्या काळी विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरले, त्याच्याशी बोलणे केले, वाचायला पुस्तके दिली. तो विद्यार्थी त्यांच्या शाळेचा नव्हता, एल्फिन्स्टन हायस्कूलचा होता. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. विद्यार्थी कोण, हे सांगायला नको. गुरुजींनी हजेरीपट पाहिला नाही, शाळेचे नाव पाहिले नाही, जात पाहिली नाही. मुक्त शिक्षण म्हणजे काय, हे समजून घ्यायला आम्हाला बागेतले ते बाकडे पुरेसे वाटते.

पुढे बाबासाहेबांनीही तोच धडा गिरवला. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले, त्याची कचेरी येथून हाकेच्या अंतरावर, परळच्या पोयबावडीत हरारवाला बिल्डिंगमध्ये होती. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली, तिच्यासाठीची पहिली बैठक परळच्या दामोदर हॉलमध्ये भरली. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करीत. विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या घड्याळाप्रमाणे चालावे, असा हट्ट बाबासाहेबांनी धरला नाही. महाविद्यालयाचेच घड्याळ त्यांनी विद्यार्थ्याच्या पोटापाण्याशी जुळवून घेतले. हा विचार लक्षात ठेवा, कारण पुढे ताकवले सरांच्या कामातही तो आपल्याला भेटणार आहे.

राम ताकवले यांचा जन्म ११ एप्रिल १९३३ चा. विषय भौतिकशास्त्र. अभिजात यामिकीवर त्यांनी पुराणिक यांच्यासह लिहिलेले इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरातील पदवीच्या विद्यार्थ्यांनी वापरले. १९७८ ते १९८४ या काळात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. एखाद्या प्राध्यापकाच्या आयुष्यात याहून मोठा मान तो कोणता? बहुतेक माणसे येथे थांबतात, सत्कार स्वीकारतात, आठवणी लिहितात. ताकवले सरांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले.

१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली आणि ते त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्या काळी आपल्याकडे 'बाहेरून परीक्षा देणे' आणि 'पत्रद्वारा शिक्षण' हे दोनच मार्ग लोकांना माहीत होते. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले होते. टपालाने टिपणे यायची, ती वाचायची, परीक्षा द्यायची. इंग्लंडमध्ये मात्र १९६९ साली मुक्त विद्यापीठ निघाले आणि १९७१ पासून रेडिओ, दूरचित्रवाणी व छापील पाठ यांचा मेळ घालून कामगारांना व गृहिणींना पदवीपर्यंत नेऊ लागले. आपल्या देशातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला स्थापन झाले. १९९१ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले. बाबासाहेबांचे नाव देशातील पहिल्या मुक्त विद्यापीठाला लाभावे, यासारखे समर्पक नामकरण दुसरे नाही.

मग नाशिकच्या विद्यापीठाने वेगळे काय केले? तीन गोष्टी सांगतो. पहिली, प्रवेशाची. ज्यांची शाळा मध्येच सुटली होती अशा प्रौढांसाठी 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम ठेवला. तो पूर्ण केला की बारावीची अट आडवी न येता पदवीच्या वर्गात पाऊल टाकता येई. दुसरी, पुस्तकाची. ही पुस्तके शिक्षक समोर नाही असे धरून, मराठीत, लहान लहान घटकांत लिहिली गेली. मध्येच प्रश्न, शेवटी उत्तरे, म्हणजे वाचणाऱ्याने स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यावी. तिसरी, अभ्यासकेंद्राची. गावोगावच्या महाविद्यालयांत सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे भरू लागली. शिवाय शेतकऱ्याला शेतीचे, कारागिराला त्याच्या कामाचे शिक्षण असा पसारा वाढला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचे ब्रीद झाले. मुंबईचे विभागीय केंद्र बरीच वर्षे नाना चौकात, जगन्नाथ शंकरशेठ महानगरपालिका शाळेच्या इमारतीत होते. गिरगावातून पायी जाता येईल इतके जवळ.

मित्रहो, त्या वेळी या भागाची अवस्था काय होती, ते आठवा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संप संपला असे कोणी कधी जाहीर केले नाही, पण भोंगे एकेक करून बंद होत गेले. घरातला कर्ता माणूस घरी बसला. थोरला मुलगा कुरिअरच्या पिशव्या वाहू लागला, मुलगी दुकानात उभी राहिली, आई पोळ्या लाटून डबे देऊ लागली. शिकायचे वय आणि कमवायचे वय एकच झाले. अशा घरांना महाविद्यालयाच्या वेळापत्रकाचा काय उपयोग? रविवारच्या संपर्कसत्राचाच उपयोग होता. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या ज्या भगिनी नातवंडे मांडीवर घेऊन अभ्यासाला बसल्या, त्यांना लोक हसले. पण परीक्षेच्या सभागृहात सून आणि सासू एकाच दिवशी पेपर लिहिताना दिसू लागल्या, तेव्हा हसणारे गप्प झाले.

नाशिकनंतर १९९५ ते १९९८ या काळात ताकवले सर दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९८५ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ विद्यार्थिसंख्येने जगातील मोठ्या विद्यापीठांत गणले जाते. त्या दशकात उपग्रहाच्या साह्याने दिल्लीतील शिक्षक देशभरच्या केंद्रांत पडद्यावर दिसे आणि विद्यार्थी दूरध्वनीवरून प्रश्न विचारी. चित्र एका बाजूने, आवाज दोन्ही बाजूंनी. आज मोबाईलवर चालणाऱ्या वर्गांचे हे आधीचे रूप. जगातही हेच वारे वाहत होते. राष्ट्रकुल देशांनी दूरशिक्षणासाठी 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' ही संस्था १९८७ साली स्थापन करण्याचे ठरविले. २००२ साली युनेस्कोच्या व्यासपीठावर 'मुक्त शैक्षणिक साधने' ही कल्पना पुढे आली. चांगले पाठ एकदा तयार झाले की ते जगात कोणीही विनामूल्य वापरावेत, असा तिचा आशय. या साऱ्या जागतिक चर्चेत ताकवले सर मराठी मुलुखाचा अनुभव घेऊन उभे होते.

पुढे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. त्याच्या उभारणीत सरांचे मार्गदर्शन होते. या महामंडळाचा 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम ठाऊक नाही असे घर आज या सभागृहात नसेल. एक कोटीहून अधिक लोकांनी तो केला. त्याचे मोठेपण इतकेच, की संगणक ही इंग्रजी शाळेतल्या मुलांची वस्तू आहे हा समज त्याने मोडला. गल्लीतल्या केंद्रात, मराठीतून, स्वतःच्या हाताने उंदीर फिरवून शिपाई, आया, रिक्षाचालकांची मुले शिकली. १३ मे २०२३ रोजी ताकवले सरांचे निधन झाले. वयाची नव्वद वर्षे त्यांनी पूर्ण केली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू. दार उघडले म्हणजे सर्व आत आले असे होत नाही. दूरशिक्षणात नाव घालणारे पुष्कळ, पण शेवटापर्यंत टिकणारे त्या मानाने कमी, हा जगभरचा अनुभव आहे. एकट्याने पुस्तक उघडून बसणे कठीण असते. घरी सांगणारे, सोबत बसणारे कोणी नसेल तर ते अधिकच कठीण. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा हे सर्वांना दिसले. बीडीडी चाळीतील एकशेसाठ चौरस फुटांची खोली, घरात पाच-सात माणसे, मोबाईल एक आणि शिकणारी मुले तीन. बापाने मोबाईल कामावर नेला की तिघांचीही शाळा बंद. त्या वेळी जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ती महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्याच ज्ञान प्रतिष्ठानने तयार केली होती. मोबाईल नसला तरी दूरचित्रवाणी संच बहुतेक घरांत आहे, हे ओळखून ती आखली होती. फळा नाही, छडी नाही. घरातली भांडी, धान्य, कागद घेऊन करायच्या कृती. माणसाच्या घरात काय आहे, ते पाहून शिक्षणाचे साधन निवडावे. सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गामागे जी दृष्टी होती, तीच ही.

येथपर्यंत दाराची गोष्ट झाली. आता आत काय शिरते त्याकडे वळू.

पूर्वी अक्षरओळख नव्हती म्हणून माणूस फसत असे. सावकार अंगठा घ्यायचा आणि हवे ते लिहायचा. आज अक्षरओळख आहे, मोबाईल आहे, आणि तरी माणूस फसतो. म्हणून जगातील शिक्षणतज्ज्ञ आता माध्यम-साक्षरता नावाची वेगळी साक्षरता सांगतात. १९८२ साली जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या बैठकीत तिचा जाहीरनामा निघाला आणि २०११ साली युनेस्कोने शिक्षकांसाठी तिचा अभ्यासक्रमच तयार केला. तिचा अर्थ सोपा आहे. समोर आलेला मजकूर, चित्र, आवाज कोणी बनविला, कशासाठी बनविला, त्यातून काय गाळले, हे विचारता येणे.

हे न विचारल्याने काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढा भागातील भटके लोक होते, पोटासाठी फिरत होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. ना टोळी, ना मुले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे बंधन आणले. परंतु कंपनीने बंधन घातल्याने ती पाच माणसे परत आली नाहीत. भटक्या, गरीब, परक्या दिसणाऱ्या माणसावरच अफवेचा पहिला दगड पडतो, हे आपल्या समाजाने कधीही विसरू नये.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे, आणि ते आम्ही मुद्दाम देतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की बाबासाहेबांविषयी संदेशांचा पूर येतो. कोणी त्यांच्या बत्तीस पदव्या सांगतो. कोणी सांगतो, की कोलंबिया विद्यापीठाने जगातील शंभर विद्वानांची यादी केली आणि त्यांना पहिला क्रमांक दिला. वस्तुस्थिती काय? १७५४ साली स्थापन झालेल्या कोलंबिया विद्यापीठाने २००४ साली आपल्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने, काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माणसांची नावे प्रसिद्ध केली. त्यांत बाबासाहेब आहेत. ती नावे कोलंबियाशी संबंधित माणसांची होती, जगातील विद्वानांची नव्हती. आणि पदव्यांचे म्हणाल, तर मुंबई विद्यापीठाची बी. ए., कोलंबियाची एम. ए. १९१५ साली व पीएच. डी. १९२७ साली, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम. एस्सी. १९२१ साली व डी. एस्सी. १९२३ साली, आणि १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर. शिवाय १९५२ साली कोलंबियाची एलएल. डी. आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाची डी. लिट. या सन्माननीय पदव्या.

आता सांगा, यात वाढवून सांगण्यासारखे काही उरले आहे काय? खरे एवढे उत्तुंग असताना खोट्याचा टेकू कशाला? टेकू दिला की काय होते, तेही ऐका. महाविद्यालयात आपली मुलगी भाषण करते, बत्तीस पदव्या सांगते. विरोधात बसलेला एखादा उठतो आणि म्हणतो, नावे सांगा. ती अडखळते. मग तिने सांगितलेले पाण्याच्या हक्काचे, राज्यघटनेचे, हिंदू कोड बिलाचे खरेही लोक खोटे समजतात. एका खोट्या संदेशाने दहा खऱ्या गोष्टींवर पाणी पडते. ज्यांनी आयुष्यभर तळटिपा देऊन लिहिले, त्यांच्या नावावर आधार नसलेले वाक्य फिरविणे हा त्यांचा गौरव नव्हे.

वृत्तपत्र कसे वाचावे, हे तर बाबासाहेबांनीच आपल्याला शिकविले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे छापलेले तपासावेच, पण काय छापले जात नाही तेही पाहावे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानडे जयंतीच्या भाषणात त्यांनी सांगितले, की एके काळी व्रत असलेली पत्रकारिता आता साबणासारखा व्यापार झाली आहे. आणि त्याही आधी, अडीच हजार वर्षांपूर्वी, केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते, की येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्या उत्तराचा आशय होता. त्यातले 'ऐकीव' आज दिवसाला शंभर वेळा खिशात वाजते.

आता पारखायचे कसे? चार प्रश्न पाठ करा. हे मूळ कोणी सांगितले? कधी सांगितले? दुसऱ्या विश्वासू ठिकाणी ते सापडते काय? आणि हे वाचून मला राग, भीती किंवा अति आनंद का झाला? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण खोटा संदेश डोक्याशी न बोलता काळजाशी बोलतो. आता तर संगणक हुबेहूब चेहरा आणि आवाजही तयार करतो. म्हणून 'डोळ्यांनी पाहिले' हाही पुरावा राहिलेला नाही.

हेच प्रश्न शिक्षणाच्या जाहिरातीलाही विचारा. घरबसल्या सहा महिन्यांत पदवी, परीक्षा नाही, नोकरीची हमी, असे फलक दादर स्टेशनबाहेरही दिसतात आणि मोबाईलवरही. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या संस्थेचे आणि त्या अभ्यासक्रमाचेही नाव आहे काय, ते पाहा. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. ज्या घरात पहिली पदवी यायची आहे, त्या घराने दागिने मोडून कागदाचा तुकडा विकत घेतला, तर ती नुसती पैशांची हानी नसते. त्या घरातील धाकट्यांचा शिक्षणावरचा विश्वासच उडतो. याउलट, केंद्र सरकारच्या 'स्वयम्' मंचावर २०१७ पासून नामांकित शिक्षकांचे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. सोने रस्त्यावर पडले आहे आणि आपली मुले पितळ विकत घेत आहेत.

शेवटी, मंडळाने काय करावे, याविषयी तीन सूचना. एक, विहाराची खोली रविवारी सकाळी तीन तास अभ्यासकेंद्र म्हणून उघडी ठेवावी. एक संगणक, चांगले इंटरनेट आणि आळीपाळीने बसणारे दोन पदवीधर पुरेत. एकट्याने शिकणारा गळतो, सोबतीने शिकणारा टिकतो. दोन, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड कपाटात असावेत. ते संगणकावरही वाचता येतात. बाबासाहेबांचे म्हणून कोणतेही वाक्य फलकावर लिहिण्यापूर्वी त्याचा खंड आणि पान शोधावे. सापडले तर पानासकट लिहावे, न सापडले तर लिहू नये. तीन, हे काम तरुणांबरोबर महिला मंडळाकडे द्यावे. घरातल्या मुलाच्या हातातील मोबाईलवर लक्ष आईचे असते, आणि खरे-खोटे पारखण्याची सवय तिला लागली की ती सवय साऱ्या घराला लागते.

बंधू-भगिनींनो, केळुसकर गुरुजींनी बागेत एक पुस्तक दिले. ताकवले सरांनी लाखोंच्या घरी पुस्तक पोहोचविले. आता पुस्तकच काय, साऱ्या जगाचे ग्रंथालय आपल्या तळहातावर आले आहे. देणाऱ्यांनी आपले काम केले. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, इतकेच उरले आहे, आणि ते काम आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही. येत्या रविवारपासून खोली उघडण्याचा ठराव अध्यक्षांनी आजच मांडावा, अशी विनंती करतो आणि आमचे चार शब्द संपवितो.

नमो बुद्धाय! जय भीम!